अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून झालं की राज्यांच्या हक्कांवरून?

प्रश्न असा आलाय की स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये अमेरिकन सिव्हिल वॉरची चार कारणं एकाखाली एक दिलेली असतात, टॅरिफ म्हणजे आयात मालावरचा कर, राज्यांचे हक्क, उद्योगवाला उत्तर विरुद्ध शेतीवाला दक्षिण, आणि चौथं गुलामगिरी, आणि लिंकननं तर स्वतःच लिहिलंय की एकही गुलाम न सोडता देश वाचत असेल तर मी तसं करीन, मग खरं कारण कोणतं धरायचं? आणि हे सगळं संपून दीडशे वर्षं उलटली तरी अमेरिकेत अजून पुतळ्यांवरून मारामाऱ्या का होतात?

मी बरीच वर्षं कॉलेजात अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर शिकवतेय आणि हा प्रश्न दर बॅचला येतोच, त्यामुळे आधी थेट उत्तर देते आणि मग सविस्तर. कारण गुलामगिरी. बाकीची तीन कारणं खोटी नाहीत, पण त्यातलं कुठलंही जरा खणलं की खाली गुलामगिरीच लागते. आणि हे मी मनाचं सांगत नाहीये, फुटून निघालेल्या राज्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० ला सगळ्यात आधी बाहेर पडलं. चारच दिवसांनी त्यांनी आम्ही का जातोय याचं जाहीर निवेदन काढलं. ते एकदा वाचाच, फार मोठं नाहीये. त्यात तक्रार काय आहे? उत्तरेतली राज्यं आमचे पळून आलेले गुलाम परत देत नाहीत. न्यूयॉर्क तर आमच्या माणसाला आपला गुलाम सोबत घेऊन नुसतं जाऊसुद्धा देत नाही. काही राज्यांनी काळ्या लोकांना नागरिक करून मतं दिलीत. म्हणजे बघा, उत्तरेतली राज्यं आपापल्या हद्दीत आपापले कायदे करत होती, तो त्यांचा हक्कच होता की, आणि साउथ कॅरोलायना रागावलं होतं ते ह्याच हक्कावर! मिसिसिपीच्या निवेदनात तर दुसऱ्याच वाक्यात येतं की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, जगातला सगळ्यात मोठा आर्थिक हितसंबंध तो हाच. मार्च १८६१ मध्ये कॉन्फेडरसीचे, म्हणजे फुटलेल्या राज्यांनी मिळून केलेल्या नव्या देशाचे, उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी सव्हाना शहरातल्या भाषणात सांगितलं की आमच्या नव्या सरकारची कोनशिलाच ही आहे, की निग्रो हा गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची नैसर्गिक अवस्था आहे. आणि त्यांच्या नव्या राज्यघटनेत गुलामांच्या मालकीला धक्का लागेल असा कायदा करायलाच बंदी घातलेली. म्हणजे कॉन्फेडरसीच्या काँग्रेसला गुलामगिरी बंद करायची झाली असती तरी करता आली नसती.

मग राज्यांचे हक्क हे आलं कुठून? मुख्यतः हरल्यानंतर. हेच स्टीफन्स आणि त्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस, दोघांनीही युद्धानंतर जाडजूड पुस्तकं लिहून सांगितलं की भांडण घटनेच्या तत्त्वाचं होतं, गुलामगिरी म्हणजे नुसतं निमित्त. १८६१ चे स्टीफन्स आणि नंतरचे स्टीफन्स शेजारी ठेवून वर्गात वाचून दाखवले की मुलं हसतात, मला वेगळं काही समजावावं लागत नाही.

राज्यांच्या हक्कांचा कळवळा दक्षिणेला किती होता ते १८५० च्या पळून गेलेल्या गुलामांच्या कायद्यात दिसतं. हा कायदा दक्षिणेनं मागून घेतला आणि तो केंद्र सरकारचा कायदा होता. पकडलेल्या माणसाला ज्युरी नाही, त्याची स्वतःची साक्ष चालत नाही, आणि निकाल देणाऱ्या कमिशनरला फी किती, तर माणूस मालकाला परत दिला तर १० डॉलर आणि सोडला तर ५. म्हणे परत पाठवायला कागदपत्रं जास्त लागतात. १८५४ मध्ये बोस्टनमध्ये अँथनी बर्न्स नावाच्या माणसाला ह्या कायद्याखाली परत नेलं तेव्हा रस्त्यावर सैन्य उभं करावं लागलं होतं. ज्यांना गुलामगिरीशी आपलं काही देणंघेणं नाही असं वाटायचं त्या उत्तरेतल्या साध्या व्यापाऱ्यांनासुद्धा त्या दिवशी ती आपल्या दारात आलेली दिसली.

आता पैशाचं बोलू, कारण त्याशिवाय हे लोक एवढे हट्टाला का पेटले ते कळत नाही. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा बऱ्याच जणांना, अगदी दक्षिणेतल्याही, वाटत होतं की गुलामगिरी हळूहळू मरेल. मग १७९३ मध्ये एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आलं, जिन, आपल्याकडे विदर्भ-खानदेशात जिनिंग म्हणतात तेच. आखूड धाग्याच्या कापसातली सरकी हातानं काढायला जो वेळ जायचा तो वाचला, आणि जॉर्जियापासून टेक्सासपर्यंत कापसाचा पट्टा पसरत गेला. १८६० पर्यंत वर्षाला साधारण ४० लाख गाठी आणि देशाच्या निर्यातीतला अर्ध्याहून जास्त हिस्सा एकट्या कापसाचा. बाहेरून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती, तर मग व्हर्जिनिया, मेरीलँडमधून माणसं विकत खालच्या राज्यांकडे नेली गेली, पुढच्या ५० वर्षांत सुमारे १० लाख माणसं, बायका एकीकडे, नवरे दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. १८६० च्या जनगणनेत ३९ लाखांवर गुलाम होते आणि बाजारभावानं त्यांची किंमत तीन अब्ज डॉलरच्या पुढे जात होती, देशातले सगळे कारखाने आणि सगळी रेल्वे मिळूनही तेवढी किंमत होत नव्हती. उद्योगवाला उत्तर आणि शेतीवाला दक्षिण असं लिहून मोकळे होतात ना, ती शेती ही होती. आणि उत्तरेतही बहुतेक लोक शेतकरीच होते बरं का, फक्त स्वतः राबणारे.

इथे वर्गात हमखास एक हात वर होतो. लिंकन तर म्हणत होता की आहे तिथली गुलामगिरी मी काढणार नाही, फक्त नव्या प्रदेशात जाऊ देणार नाही, मग एवढ्यासाठी देश फोडायचा? फोडायचा, कारण त्यांच्या दृष्टीनं तेच मर्मावरचं होतं. कापूस जमीन खातो, नवी जमीन लागते. नवी राज्यं गुलामगिरीची नसतील तर सिनेटमधलं संख्याबळ जाणार, आणि ते गेलं की आज ना उद्या घटनादुरुस्ती. शिवाय गुलामांचा भाव टिकायला नवा बाजार हवा. १८२० पासून सगळी भांडणं ह्या पश्चिमेच्या जमिनीवरूनच झाली होती. आधी मिसूरीच्या वेळची तडजोड, मग मेक्सिकोकडून घेतलेला प्रदेश, मग १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, ज्यात म्हटलं की तिथल्या रहिवाशांनीच मतदानानं ठरवावं, आणि मग दोन्हीकडचे लोक बंदुका घेऊन मतदानाला जमले. १८५६ मध्ये सिनेटर चार्ल्स समनर यांना भर सिनेट सभागृहात दक्षिणेतल्या एका खासदारानं काठीनं रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं आणि त्याच्या मतदारांनी त्याला कौतुकानं नव्या काठ्या पाठवल्या. १८५७ ला सुप्रीम कोर्टानं ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या खटल्यात कडेलोट केला, काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही आणि काँग्रेसला नव्या प्रदेशात गुलामगिरी अडवायचा अधिकारच नाही. १८५९ ला गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राऊननं गुलामांचा उठाव घडवायला व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला, फासावर गेला, आणि उत्तरेत काही चर्चमध्ये त्याच्यासाठी घंटा वाजल्या. दक्षिणेनं त्या घंटा ऐकल्या. मग १८६० ला लिंकन जेमतेम ४० टक्के मतांवर निवडून आला, दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्याचं नाव मतपत्रिकेवरही नव्हतं. आपल्याला न विचारताही देशाचा अध्यक्ष ठरू शकतो हे त्यांना त्या दिवशी कळलं.

आणखी एक शंका असते, की दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्यांकडे गुलाम नव्हतेच, मग ते का लढले? कॉन्फेडरसीच्या राज्यांत साधारण तीनातल्या एका कुटुंबाकडे गुलाम होते, साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत जवळजवळ निम्म्यांकडे. म्हणजे ही मूठभर जमीनदारांची गोष्ट नव्हती. ज्यांच्याकडे नव्हते त्यांना कधीतरी घ्यायचे होते, किंवा भाड्यानं घेत, किंवा नुसतं एवढं पुरेसं होतं की आपण कितीही गरीब असलो तरी आपल्या खाली कुणीतरी आहे. जातीच्या देशात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तरी कुरबुर होतीच. १८६२ मध्ये कायदा आला की ज्याच्याकडे २० गुलाम आहेत त्या मळ्यावरच्या एका गोऱ्याला सैन्यभरतीतून सूट, तेव्हा गरीब सैनिक म्हणायला लागले की युद्ध श्रीमंतांचं आणि मरायचं आम्ही.

आता लिंकनचं ते पत्र. ऑगस्ट १८६२ मध्ये संपादक होरेस ग्रीलीला लिहिलेलं आहे आणि त्यात ते वाक्य आहेच. पण तारीख बघा. महिनाभर आधी, २२ जुलैला, लिंकननं गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता आणि एखाद्या विजयाची वाट बघत तो टेबलाच्या खणात ठेवला होता. म्हणजे पत्र हे काठावरच्या लोकांची मनं तयार करायला लिहिलेलं, मुरलेल्या राजकारण्याचं पत्र आहे. माझं मत विचाराल तर लिंकन संत नव्हता, काळ्या लोकांना देशाबाहेर वसवायच्या योजनाही त्यानं मांडल्या होत्या, पण तो शिकत गेलेला माणूस होता आणि त्याला शिकवलं ते मुख्यतः गुलामांनीच. आणि दुसरी गोष्ट, दक्षिण कशासाठी फुटली आणि उत्तर सुरुवातीला कशासाठी लढली हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दक्षिण गुलामगिरीसाठी फुटली. उत्तर आधी देश एक ठेवायला लढली आणि लढता लढता गुलामगिरीपाशी आली. नोट्समध्ये ह्या दोन्हीची खिचडी होते आणि तिथेच सगळा घोळ आहे.

गुलामांनी कसं शिकवलं ते सांगते. मे १८६१, युद्ध सुरू होऊन सहा आठवडेही झाले नव्हते. व्हर्जिनियात मन्रो नावाचा किल्ला अजून केंद्राच्या ताब्यात होता. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम, ज्यांना कॉन्फेडरेट तोफांची तटबंदी बांधायच्या कामाला लावलं होतं, रात्री होडीतून पळून किल्ल्यावर आले. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस, एक मेजर, पांढरं निशाण घेऊन हजर, की कायद्याप्रमाणे आमची माणसं परत द्या. किल्ल्याचा जनरल बेंजामिन बटलर, मूळचा वकील, ॲबॉलिशनिस्ट, म्हणजे गुलामगिरी बंदच करा म्हणणारा, वगैरे अजिबात नाही. तो म्हणाला, तुम्हीच म्हणता ना व्हर्जिनिया आता परका देश आहे, मग अमेरिकेचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल? आणि ही माणसं तुमची मालमत्ता आहे असं तुम्हीच म्हणता, ती आमच्याविरुद्ध वापरली जात होती, म्हणून युद्धातला जप्त माल समजून मी ठेवून घेतो. झालं, बातमी फुटली आणि त्या किल्ल्याकडे आधी डझनांनी आणि मग शेकड्यांनी माणसं यायला लागली. वॉशिंग्टनला धोरण नंतर सुचलं, आधी ही माणसं आली. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा म्हणजे ह्या लोंढ्यामागून आलेला कागद आहे. तो फक्त बंडखोर प्रदेशाला लागू होता, केंटकी, मिसूरीसारख्या सोबत राहिलेल्या राज्यांना नाही, पण त्यानं काळ्या माणसांना सैन्यात घ्यायचं दार उघडलं आणि शेवटपर्यंत १ लाख ८० हजारांच्या आसपास लोक भरती झाले. त्यांना सुरुवातीला पगारही गोऱ्यांपेक्षा कमी होता.

युद्धाच्या लढायांवर मी वेळ घालवत नाही, गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग दोन्ही जुलै १८६३ मध्ये झालं आणि पारडं फिरलं, ९ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली यानं शरणागती दिली, पाचच दिवसांनी लिंकनला गोळी घातली. मेलेले पूर्वी ६ लाख २० हजार धरायचे, नव्या अभ्यासांत साडेसात लाखांपर्यंत जातात.

पण मुंबईचं सांगायलाच हवं. दक्षिणेचा हिशोब असा होता की इंग्लंडच्या गिरण्या आमच्या कापसावर चालतात, कापूस बंद केला की इंग्लंड झक मारत आमच्या बाजूनं येईल. इंग्लंड आलं नाही, आणि ह्याचं एक कारण म्हणजे मुंबई बंदर. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस लँकेशायरला जायला लागला, भाव कितीतरी पट चढले, प्रेमचंद रायचंदसारखे दलाल रातोरात राजे झाले, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर अख्खं शहर सट्टा खेळलं. लीनं हत्यार टाकल्याची बातमी आली आणि भाव कोसळले, १ जुलै १८६५ ला मुदतीच्या सौद्यांचा दिवस आला आणि मुंबई बुडाली, प्रेमचंदसकट. फोर्टमधला राजाबाई टॉवर त्याच्याच देणगीतून उभा आहे, आईच्या नावानं. त्याच तेजीत कर्ज काढून बसलेल्या शेतकऱ्याचे मात्र पुढे हाल झाले. १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला सावकारांचे रोखे जाळले गेले त्याला वाढलेला शेतसारा वगैरे कारणं होतीच, पण कापसाच्या भावातली ही घसरणही एक होती.

आता वारसा. माझ्या मते युद्धाचा निकाल १८६५ ला लागला आणि पुढच्या तीस वर्षांत निम्मा उलटवला गेला, आणि आजची भांडणं त्या निम्म्याची आहेत. जमिनीचंच घ्या. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मननं किनाऱ्यालगतची जप्त जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत वाटायचा हुकूम काढला, लोकांनी नांगर धरलेसुद्धा, आणि त्याच वर्षी नवा अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सननं बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. त्याआधी १८६२ ला राजधानीत गुलामगिरी बंद केली होती तेव्हा माणशी ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली होती, पण मालकांना! मग उरलं काय, तर बटाईनं शेती आणि दुकानदाराकडे न फिटणारी उधारी. घटनेच्या तेराव्या दुरुस्तीनं गुलामगिरी गेली पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम चालेल अशी फट राहिली, आणि बेकार फिरणं हाच गुन्हा ठरवून माणसं कैदी म्हणून मळ्यांना आणि खाणींना भाड्यानं दिली गेली.

तरी मधली दहाबारा वर्षं खरंच वेगळी होती. रॉबर्ट स्मॉल्स बघा. चार्ल्स्टन बंदरात प्लँटर नावाच्या कॉन्फेडरेट बोटीवर सुकाणू धरणारा गुलाम. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना त्यानं बोट हलवली, बायकामुलांना वाटेत चढवलं, कॅप्टनची हॅट घालून प्रत्येक किल्ल्यापुढे बरोबर शिटी दिली आणि बोट केंद्राच्या आरमाराच्या हवाली केली. पुढे ब्यूफर्टमध्ये ज्या मालकाच्या घरामागे तो जन्मला तेच घर त्यानं विकत घेतलं, काँग्रेसमध्ये निवडून गेला, एकदा नाही, पाच वेळा. आणि १८९५ ला साउथ कॅरोलायनानं काळ्यांची मतं काढून घ्यायला नवी घटना लिहायला घेतली तेव्हा त्याच सभेत म्हातारा स्मॉल्स विरोधात उभा होता, सही करणार नाही म्हणून. घटना मंजूर झालीच. लुइझियानात १८९६ ला १ लाख ३० हजारांवर काळे मतदार नोंदलेले होते, १९०४ ला राहिले १,३४२. तिथे युक्ती अशी केली होती की १ जानेवारी १८६७ ला तुमच्या बापाला किंवा आजोबाला मत होतं तर तुम्हाला मतदार होण्यासाठीची लिहिण्यावाचण्याची परीक्षा माफ. त्या दिवशी तिथे काळ्या माणसाला मत नव्हतंच.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी निग्रो गुलामांना सोडवायला स्वतः झीज सोसली. पुण्यात बसलेल्या माणसानं आठ वर्षांपूर्वीचं युद्ध किती नेमकं ओळखलं होतं बघा, राज्यांचे हक्क वगैरे भानगड त्यांच्या डोक्यातही नाही. त्याच वर्षी ईस्टरच्या रविवारी लुइझियानात कोलफॅक्सला निवडणुकीच्या वादातून गोऱ्या टोळीनं डझनावारी काळी माणसं मारली, त्यातली कित्येक शरण आल्यावर. १८७७ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा तंटा मिटवताना केंद्रानं दक्षिणेच्या राजकारणातून सैन्याचा हात काढून घेतला आणि पुढे सगळं मोकळं रान.

पुतळे आले ते ह्यानंतर. रिचमंडमधला लीचा घोड्यावरचा पुतळा १८९० चा, शार्लट्सव्हिलचा १९२४ चा. युद्धात मेलेल्यांचं दुःख म्हणून स्मशानातली स्मारकं आधीच झाली होती, ही चौकातली आणि कोर्टासमोरची मुख्यतः त्या काळातली जेव्हा मतं काढून घेऊन झाली होती. १८९४ ला स्थापन झालेल्या कॉन्फेडरसीच्या कन्यांच्या संघटनेनं पुतळे तर उभे केलेच, पण शाळेतली पाठ्यपुस्तकंही तपासली, ज्यात युद्ध गुलामगिरीवरून झालं असं असेल ती नाकारा असा सल्ला दिला. आपल्या नोट्समधली ती चार कारणांची यादी शेवटी त्याच पुस्तकांच्या वळणानं इथवर आलीय असं मला वाटतं. २०१५ ला चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्यानं कॉन्फेडरेट झेंड्यासोबत फोटो काढले होते, २०१७ ला शार्लट्सव्हिलला लीच्या पुतळ्यावरून एका बाईचा जीव गेला. दोन्ही पुतळे २०२१ मध्ये उतरवले.

आणि वारसा म्हणजे नुसते पुतळे नाहीत हो. ड्रेड स्कॉटचा निकाल पुसायला १८६८ ची चौदावी दुरुस्ती केली, अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो नागरिक. एच-वन व्हिसावर गेलेल्या तुमच्या चुलतभावाचं न्यू जर्सीत जन्मलेलं बाळ नागरिक होतं ते ह्या वाक्यामुळे. २०२५ च्या जानेवारीत अध्यक्षांनी हुकूम काढून ते आवळायचा प्रयत्न केला आणि मामला कोर्टात गेला, म्हणजे युद्धाचा हिशोब अजून चालूच आहे.

परीक्षेत लिहिताना बाकीची कारणं गाळू नका, पण ती गुलामगिरीला जोडून लिहा. टॅरिफवर परिच्छेद लिहायचाच असेल तर एवढं बघा की १८५७ चं टॅरिफ दक्षिणेला हवं तसं कमी होतं, आणि ज्याच्या नावानं ओरड होते ते मॉरिल टॅरिफ २ मार्च १८६१ ला कायदा झालं, तेव्हा सात राज्यं आधीच बाहेर पडली होती. त्यांचे सिनेटर जागेवर बसून राहिले असते तर ते पास होणंच अवघड होतं.